उत्तरेच्या भिंतीच्या खाटा

अक्का,

ड्यूटीवर मी तुला 'अक्का, तुम्ही' म्हणायचे आणि चहाला बसलो की 'तू'. आता तुझीही ड्यूटी संपली, तेव्हा 'तू'च म्हणते.

तुला जाऊन अठरा दिवस झाले. वॉर्डातल्या पोरींनी नोटीस बोर्डावर लावायला तुझा फोटो मोठा करून आणला आणि खाली चार ओळी लिहा म्हणून माझ्या मागे लागल्या. प्रेमळ, कष्टाळू, सदा हसतमुख, असं काहीतरी त्यांना हवं होतं. मी लिहिलं नाही. हसतमुख तू कधी होतीस? सकाळच्या पाळीला आलीस की पहिला अर्धा तास कपाळावरच्या आठ्या उतरायच्या नाहीत. बादली आपटायचीस, नव्या पोरींना धारेवर धरायचीस, आणि कुणी 'मावशी' म्हणून हाक मारली तर तुला ऐकूच यायचं नाही. "मावश्या दवाखानाभर पडेल शेतस. मी अक्का शे," म्हणायचीस. बावीस वर्षं एका वॉर्डात काढलेल्या बाईला तेवढा तोरा शोभत होता.

मला लिहायचं आहे ते त्या चार ओळींत मावणारं नाही. तू गेलीस तेव्हा तुझे पाय दक्षिणेला होते. मी तुझ्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. चार दिवस मी तुला तशी पडलेली बघत होते. त्याचा अर्थ मला तिथल्या दुसऱ्या कुणाहीपेक्षा चांगला कळत होता, कारण तो तूच मला शिकवला होतास. आणि मी तुझी खाट फिरवली नाही. हे मला कुणी विचारणार नाही, कुठल्या कागदावर ते येणार नाही. म्हणून तुझ्याशीच बोलते आहे.

आपला वॉर्ड बारा खाटांचा. सहा खाटा दक्षिणेच्या भिंतीला डोकं लावून, सहा उत्तरेच्या भिंतीला, मधून ये-जा करायची वाट. जळगाव सोडून मी धुळ्याला या नोकरीवर आले तेव्हा मला त्यात वावगं काही दिसलं नाही. ऑक्सिजनचे नळ भिंतीत, तेव्हा डोकी भिंतीकडेच असणार. फक्त उत्तरेच्या भिंतीचे पेशंट फार पिडायचे. झोप येत नाही, अंग ठणकतं, सलाईन उपसून काढलं, घरी न्या म्हणून मुलांशी भांडण. आम्ही नर्सेस आपसांत म्हणायचो, तिकडे पंख्याचा वारा लागत नसेल. सर झोपेची गोळी लिहायचे, मी द्यायचे. असं किती महिने चाललं याचा आता विचारही नको वाटतो.

मग साक्रीकडचे ते आबा आले. हर्नियाचं ऑपरेशन, खाट नऊ नंबर. ऑपरेशन झकास झालं. पण दुसऱ्या दिवसापासून म्हातारा खाटेवर रुंदीत आडवा व्हायला लागला. गुडघे पोटाशी, डोकं एका कठड्याला, तळपाय दुसऱ्याला. टाके ताणतील म्हणून आम्ही दोघी-तिघी मिळून त्यांना सरळ करायचो, पाठ वळली की पुन्हा मुटकुळं. काय होतंय म्हणून विचारलं की एकच, "काही नही." तिसऱ्या दिवशी दुपारी माझं डोकं फिरलं. हात बांधून ठेवू का, असं मी त्यांच्या मुलाला चक्क विचारलं, आणि फाईलवर लिहिलं, 'पेशंट सहकार्य करत नाही.'

तू त्या खाटेखाली पोछा मारत होतीस. पोछा थांबवून तिथूनच, डोकंसुद्धा बाहेर न काढता, तू विचारलंस, "आबा, घर कोनता बाजूले डोकं करीसन झोपतस तुम्ही?"

आबांनी कठड्यावरून डोकं उचललं. मग म्हणाले, "उगवतले. आठे त माले मुडदासारखा टाकी देल शे, माय."

ते बोलले आणि रडायलाच लागले. सत्तरीचा माणूस, ज्वारी-बाजरी करणारा, हाताला कुऱ्हाडीचे घट्टे. मी औषधांची ट्रॉली धरून तिथेच उभी होते. अक्का, मी काही परदेशातून आलेली नव्हते. आमच्याही घरी दक्षिणेकडे पाय करून गेलेल्या माणसालाच ठेवतात. लहानपणी मी तशी झोपले तर आई पाठीत धपाटा घालायची. पण युनिफॉर्म चढवला की हे सगळं दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवायचं, असं मी धरून चालले होते. आणि मी काढून ठेवलं म्हणजे पेशंटनंही काढून ठेवलं असणार, हेही मीच धरून चालले होते.

तू उठलीस, कंबर सरळ केलीस आणि मला न विचारता उशी उचलून पायथ्याशी ठेवलीस. आबांचे पाय भिंतीकडे, डोकं वाटेकडे. मी केवढ्यानं ओरडले होते तुझ्यावर! सगळा वॉर्ड ऐकत होता. तू शांतपणे म्हणालीस, "सिस्टर, तुमनी गोळी चांगली शे. पन त्याले झोप नको, दिशा पाहिजे." सर राउंडला आले, त्यांनी ऐकून घेतलं, आणि जखमेला त्रास नसेल तर झोपू द्या म्हणाले. आबा तीन वाजता झोपले ते दिवेलागणीपर्यंत घोरत होते. मी त्या फाईलवरचं वाक्य खोडलं नाही. तेवढं मोठं मन तेव्हा नव्हतं.

त्यानंतरचं आपलं भांडण वर्षभर तरी चाललं असेल. मी म्हणायचे, खाटेचा उचलायचा भाग भिंतीकडे असतो, धाप लागलेल्या माणसाला उलटा झोपवला तर टेकून बसवायचं कसं? तू म्हणायचीस, मग अख्खी खाटच फिरवा, चाकं कशाला दिली आहेत. मी म्हणायचे, ऑक्सिजनची नळी पुरत नाही. तू स्टोअरमधून लांब नळी शोधून आणलीस आणि माझ्या टेबलावर अशी टाकलीस की जणू साप मारून आणलाय. मी म्हणायचे, पेशंटचा जीव माझ्या जबाबदारीवर आहे, त्याची श्रद्धा त्यानं सांभाळावी. त्यावर तू एकदाच चिडून बोललीस, "मानूसले भेवाडीसन बरं करता येस का?" घाबरवलेल्या माणसांना झोपेची गोळी देऊन मी बरं करतच होते. शेवटी दोघींनी मिळून करून बघितलं. खाट बाहेर ओढायची, फिरवायची, लांब नळी लावायची, ब्रेक लावायचे. दोन बायका, दहा मिनिटं. एवढंच होतं ते.

तेव्हापासून मी ॲडमिशनच्या कागदाच्या तळाशी पेननं एक ओळ लिहायला लागले, 'घरी डोकं कुठल्या बाजूला?' झोपेच्या गोळ्या एकदम बंद झाल्या असं मी म्हणणार नाही. पण पेशंट मला हाक मारून बोलवायला लागले, हे खरं.

आणि माझी खोड तुला माहीत आहे. एखादी गोष्ट पटली की मी तिचा नियम करते आणि नियम केला की विचार बंद करते. चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावरचे ते पावरा जमातीचे बाबा आठवतात? उत्तरेच्या भिंतीला आले, आणि मी लगेच मोठ्या ऐटीत त्यांची खाट फिरवून घेतली. ते नुसते बघत राहिले, या बाईला झालंय काय म्हणून. त्यांच्या बोलण्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, तुला माहेरच्या अंगाची भाषा म्हणून अर्धंमुर्धं कळायचं. दोन दिवस त्यांनी ताटाला हात लावला नाही. मी फाईलवर 'अन्न नाकारतो' लिहिलं आणि तरीही माझं समाधान काही कमी झालं नव्हतं, खाट फिरवली होती ना मी.

तू त्यांच्याजवळ उकिडवी बसलीस आणि गावाकडे आता काय चाललंय, पाऊस किती झाला, वेलींना काय धरलंय, असं विचारत बसलीस. उठून आलीस ती हसू दाबत. ताटात नवी गिलक्याची भाजी होती. गावची नव्या पिकाची पूजा अजून व्हायची होती, आणि ती झाल्याशिवाय त्यांच्यात नवीन भाजी तोंडात घालत नाहीत. दिशेशी त्यांना काहीच देणंघेणं नव्हतं. तू डब्यातली भाकरी आणि डाळ दिलीस, ते पोटभर जेवले. मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "खाट फिराई दिन्ही. त्याले इचारं व्हतं का?"

तुझी रीत मला तेव्हा उमगली. तू कधी कुणाला 'काय पाहिजे' विचारायचीच नाहीस. तसं विचारलं की माणूस संकोचतो आणि 'काही नही' म्हणतो, असं तुझं म्हणणं. ज्याला जास्त पाहिजे असतं तो तर हमखास म्हणतो. तू विचारायचीस, घरी काय करता. घरी उठल्यावर काय करता, जेवायच्या आधी काय करता, झोपताना काय करता. त्यातून काय सुटलंय ते तुला बरोबर सापडायचं.

त्याच रीतीनं मला माझे वडील सापडले, अक्का, हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. नाना जळगावच्या दवाखान्यात होते आणि मी रजा काढून गेले होते. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म घालवलेला माणूस, देवधर्माचं अवडंबर कधीच नाही, म्हणून मी त्या बाजूनं निर्धास्त होते. ते दिवसेंदिवस चिडचिडे होत होते. काय पाहिजे नाना? काही नाही. मग तुझी आठवण झाली. मी विचारलं, नाना, घरी सकाळी उठल्यावर पहिलं काय करता? ते म्हणाले, मोरीच्या खिडकीतून सूर्याला ओंजळभर पाणी सोडतो. पन्नास वर्षांत आम्हाला कुणाला पत्ता नव्हता! आम्हाला वाटायचं तोंड धुतायत. मी खुर्ची खिडकीशी नेली, खाली टब धरला आणि त्यांच्या ओंजळीत पाणी घातलं. निम्मं पाणी माझ्या साडीवर सांडलं. त्यानंतर पाच सकाळी ते होते, आणि त्या पाच सकाळी त्यांनी मला नावानं हाक मारली. ते तुझ्यामुळे मिळालं. परत आल्यावर तू विचारलंस, नाना कसे गेले, आणि मी 'शांत गेले' एवढंच म्हटलं. रडू येईल म्हणून पुढचं सांगितलं नाही. आता वाटतं, आलं असतं रडू तर काय बिघडणार होतं?

दुसरी एक गोष्ट मी सांगितली नाही ती मात्र रडू येईल म्हणून नव्हे, लाजेनं. दोन वर्षांपूर्वी आपल्याकडे ते प्रशिक्षण झालं होतं, रुग्णांच्या आध्यात्मिक गरजा ओळखण्याचं. बाहेरून बाई आल्या होत्या, पडद्यावर एकामागून एक तक्ते. कागदावर धर्माचा रकाना असावा, प्रार्थनेला जागा असावी, सगळं ठीकच होतं. मग त्यांनी विचारलं, कुणाचा अनुभव आहे का? मी उठले. साक्रीच्या आबांची गोष्ट सांगितली, पावरा बाबांच्या गिलक्याची सांगितली, आणि पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत 'माझ्या लक्षात आलं', 'मी विचारलं' असंच म्हणत गेले. जीभ एकदाही अडखळली नाही. टाळ्या पडल्या, बाईंनी माझं नाव लिहून घेतलं, मोठ्या सरांनी मान डोलावली. वळून बघते तर तू दारात, चहाच्या कपांचा ट्रे घेऊन.

मला वाटलं तू आता दोन दिवस बोलणार नाहीस. तू संध्याकाळी एवढंच म्हणालीस, "टाळ्या मस्त वाजन्यात, सिस्टर." टोमणा होता की कौतुक, तुझ्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी 'हो ना' म्हटलं आणि विषय बदलला. त्यानंतर तुला किती वेळा चहा पाजला, तुझ्या गुडघ्याला पट्टा आणून दिला, दिवाळीला साडी घेतली. ते सगळं त्या दुपारचं होतं. तेवढं एक वाक्य बोलून टाकलं असतं तर साडी वाचली असती.

मग तुझी छाती. दोन वर्षं तू जिना चढताना थांबायचीस आणि थांबल्यावर भिंतीवरचं वेळापत्रक वाचल्याचं सोंग करायचीस, जे तुला तोंडपाठ होतं. फुप्फुसं आक्रसत चालली आहेत असं सरांनी सांगितलं, तेव्हाही तू सुट्टी घेतली नाहीस. या खेपेला ताप आला, धाप वाढली आणि तुझी लेक मंगला नरडाण्याहून धावत आली. भरती केलं. दक्षिणेची भिंत भरलेली होती. उत्तरेच्या भिंतीला एक खाट रिकामी होती, ती तुला दिली.

आता नीट सांगते, कारण इथंच मला सांगायचं आहे.

त्या आठवड्यात मानांकनाची तपासणी होती. तुला माहीतच आहे ते काय प्रकरण झालं होतं. महिनाभर आम्ही फायली पुसत होतो. फरशीवर पिवळ्या पट्ट्या मारल्या होत्या, प्रत्येक खाट त्या पट्टीच्या आत, एका रेषेत, डोकं नळाखाली. वॉर्डाचा फोटो काढून त्याच्या बरहुकूम वॉर्ड ठेवायचा होता. मोठ्या सरांनी मला बोलावून बजावलं होतं, सिस्टर, तुमचे ते खाटा फिरवायचे प्रयोग आठ दिवस बंद. मी मान हलवली. आणि ज्या दिवशी मान हलवली त्याच्या दुसऱ्या दिवशी तू भरती झालीस.

तुला खाटेवर घेतलं तेव्हा मी मुद्दाम हसत म्हटलं, "तुझं बरं आहे अक्का, तुला दिशाबिशा काही नाही." कारण तू नेहमी तसंच म्हणायचीस. आपलं भांडण रंगात आलं की मी विचारायचे, तू स्वतः मानतेस का गं हे? तू हात झटकून म्हणायचीस, "माले काय दिशा? पाठ टेकनी का झोप लागनी." त्या दिवशी तू मास्कच्या आतून हसलीस आणि हसता हसता खोकलीस. मी ते हसणं होकार म्हणून घेतलं. मला तो होकार हवा होता, अक्का. पट्ट्या मारलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी राउंडला आले तर तू कुशीवर, गुडघे पोटाशी. मी पाठीमागे उशी लावली, खाटेचा वरचा भाग उचलला, तुला टेकवून बसवलं. तासाभरानं पुन्हा तशीच. मंगला म्हणाली, आई अशीच करतेय. मी म्हटलं, धाप लागते ना, म्हणून. अक्का, धाप लागलेला माणूस उठून बसतो, खिडकीकडे तोंड करतो, हातावर रेलतो. तो गुडघे पोटाशी घेत नाही. हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. तसं मुटकुळं करून पडणारी माणसं मी याच खाटांवर पाहिली होती आणि ती तशी का पडतात हे मला माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट मी माहीत नसल्यासारखी केली. मंगलाला जे उत्तर दिलं ते इतक्या सहज दिलं की मलाही खरं वाटलं.

विचारलं का नाही, ते सांगते. विचारलं असतं तर तू 'काही नही' म्हणाली असतीस आणि मला ते ऐकून घेता आलं नसतं, कारण त्याचा अर्थ मला येतो. तुझ्या रीतीनं विचारलं असतं, अक्का, घरी कशी झोपतेस, तर तुला खरं सांगावं लागलं असतं. मग मला खाट फिरवावी लागली असती. म्हणून मी फक्त ऑक्सिजनचा आकडा विचारत राहिले, लघवी विचारली, जेवण विचारलं. चार दिवसांत तुझ्याशी मी जेवढं बोलले तेवढं सगळं फाईलवर लिहिण्यासारखं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी तू गेलीस. तपासणीची माणसं शेजारच्या वॉर्डात होती. सरांनी जे करायचं ते सगळं केलं, त्यात कुठे कमी पडलं नाही, हे मी तुला शपथेवर सांगते. मग मी पडदे ओढले. तुझे गुडघे अजून वर घेतलेले होते. मी ते हातानं दाबून सरळ केले, टाचा जुळवल्या, पाय दक्षिणेला. आता ते बरोबर होतं. मंगला माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि म्हणाली, सिस्टर, तुम्ही होतात म्हणून. मी तिची पाठ थोपटत राहिले. तासाभरानं पथक आपल्या वॉर्डात आलं. खाटा एका रेषेत बघून त्यांनी शेरा चांगला दिला.

परवा मंगला तुझी खोली रिकामी करायला धुळ्याला आली. मीही गेले. तुझ्या त्या बोळातल्या खोलीत मी किती वेळा आले असेन, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खायला. आणि दर वेळी आत येताना तुझ्या खाटेच्या कोपऱ्यावर गुडघा आपटून घेतला असेल. चिंचोळी खोली, खाट लांबीत लावली असती तर दार सताड उघडलं असतं. तू ती आडवी लावली होतीस, दार अर्धंच उघडायचं, तुला स्वतःला तिरकं होऊन आत शिरावं लागायचं. मी तुला त्यावरून चिडवलंसुद्धा होतं, की अक्का, दवाखान्यातल्या खाटा फिरवतेस, घरची तेवढी फिरव की. परवा ती खाट बाहेर काढायला आम्ही दोघींनी उचलली आणि मी दाराशी थांबले. दार उत्तरेला. लांबीत लावली तर डोकं उत्तरेला येतं किंवा दक्षिणेला, पूर्वेला कधीच नाही. उशीचा तेलकट डाग पूर्वेच्या भिंतीवर होता, डोक्याएवढा, वर्षानुवर्षांचा.

मी खाट खाली ठेवली आणि तिच्यावरच बसले. मंगलाला वाटलं वजनानं चक्कर आली. तिनं पाणी दिलं. मग मी सांगून टाकलं, म्हणजे सांगायला सुरुवात केली. मंगला, आईची खाट त्या दिवसांत, मी म्हणाले, मला वाटत होतं की तिला काही... पुढचं वाक्य जमवेपर्यंत तीच म्हणाली, "मला माहितीये सिस्टर. मी दुसऱ्याच दिवशी आईला म्हटलं होतं, सिस्टरला सांगते, खाट फिरवून देतील."

मी विचारलं, मग?

"तिनं हात धरला माझा. मास्क काढून म्हणाली, तिले सांगू नको. ती नही म्हननार नही, लगेच फिराई देई. मंग तपासनीवाला उनात का तिलेच बोलनं खावं लागी." मंगला डोळे पुसत हसली. "आईचा तुमच्यावर फार जीव होता हो. म्हणाली, चार दिवस तर शेतस, मी काढी लिसू."

मंगलानं हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. चांगली पोर आहे, तुझ्यासारखी बोलायला फटकळ नाही. आम्ही खाट उचलली, तिरकी केली, बोळातून टेम्पोपर्यंत नेली. वाटेत ती तुझ्याबद्दल बोलत होती आणि मी हं हं करत होते.

अक्का, तू चार दिवस गुडघे पोटाशी घेऊन पडलीस ते मला बोलणी बसू नयेत म्हणून. सिस्टर नाही म्हणणार नाही, एवढी खात्री होती तुला. मी त्या चार दिवसांतला एकेक तास आठवून बघितला आहे, कुठे तरी मी हो म्हटलं असतं का ते शोधायला. मंगला आली असती, आईची खाट फिरवा म्हणाली असती, तर मी तिच्या खांद्यावर हात ठेवला असता आणि म्हटलं असतं, तेवढी तपासणी होऊन जाऊ दे, मग बघू. शब्दसुद्धा तयार होते.

हे मंगलाला सांगायला माझं तोंड उघडलं नाही. तुला सांगितलं.